रिकाम्या झोळीचं वजन

भूतप्रेत, करणी, उतारा... असलं सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले. बावीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. मला भुतापेक्षा सुपरवायझर मॅडमची भीती जास्त. तेव्हा हे वाचून "ताई, देवाधर्माचं बघा" असं कृपा करून लिहू नका.

आमचं गाव कारध्याजवळ, वैनगंगेच्या काठावर. नाव लिहीत नाही. गावाने लाज सोडली आहे, पण मला अजून तिथंच राहायचं आहे.

मागच्या पुरात नदीकाठची दुर्गाची झोपडी वाहून गेली. पंचनाम्याला आलेले साहेब म्हणाले, घरच दिसत नाही तर नुकसान कशाचं लिहू? हुशार माणूस. मग दुर्गा, तिचा नवरा आणि अडीच वर्षांची आरोही समाजमंदिराच्या ओसरीत राहू लागले. ओल्या फरशीवर झोपून पोरीला आधी खोकला लागला, मग जुलाब.

दुर्गा तिला माझ्याकडे घेऊन आली. आमच्याकडे वजनाला काटा छताला टांगतात, त्याला कापडी झोळी, झोळीत लेकरू. वजन भरलं नऊ किलो दोनशे. कमीच. पण रजिस्टरात घर क्रमांकाचा रकाना असतो, आणि मी नियमाची मोठी पक्की. म्हटलं, "आधी पंचायतीतून घर नंबर आण, मग नाव चढवते. नावाशिवाय आहार मिळत नाही."

"बाई, घरच नाही तं नंबर कुठून आणू?"

मी पुढच्या लेकराला हाक मारली. हो, मीच.

आठवडाभरात कोण्या पुढाऱ्याच्या सत्कारासाठी त्यांना तिथून हाकललं आणि ओसरी फिनाईलने धुतली. सत्कार समाजसेवेबद्दल होता.

पुढच्या महिन्यात वजनाच्या दिवशी, सकाळी दहाला, मी झोळी टांगली, काटा शून्यावर आणला आणि हात काढला. काटा सरकत सरकत नऊ किलो दोनशेवर जाऊन थांबला. झोळी रिकामी... आणि कापड खाली ताणलेलं.

"स्प्रिंग गेली असन, बाई," आमची मदतनीस शेवंतामावशी म्हणाली. पण लेकरं बसवली की वजनं बरोबर यायची. झोळी रिकामी झाली की पुन्हा तेच. ऑफिसातून दुसरा काटा आणला. पुढच्या महिन्यात त्याच्यावर आठ किलो आठशे. त्याच्या पुढच्या महिन्यात आठ तीनशे.

मावशी झोळीकडे बघत हळूच म्हणाली, "बाई, हे तं वाळून राहिलं."

काटा बिघडतो, वाळत नाही. आणि नऊ दोनशे हा आकडा फक्त मला माहीत होता, कारण मी तो कुठंच लिहिला नव्हता.

दुर्गाच्या दिराला गाठलं. तो म्हणाला, ते कोंढ्याकडे बंद पडलेल्या विटाभट्टीच्या शेडमध्ये आहेत. काटा पिशवीत घालून एसटीने गेले. आरोही राखेच्या ढिगाशेजारी फाटक्या चटईवर पडली होती. रडायचंही बळ नव्हतं तिच्यात. शेडच्या वाशाला काटा टांगला. रिकामा, बरोब्बर शून्य. पोरीला बसवलं... आठ किलो तीनशे.

"काहून आल्या आता?" दुर्गाने विचारलं. मी आरोहीला झोळीतून काढून कडेवर घेतलं.

त्याच दिवशी पोरीला भंडाऱ्याला दवाखान्यात भरती केलं. तिथंही पत्ता मागितला. मी माझा घर नंबर दिला. एवढं सोपं होतं ते, आणि मला सुचायला तीन महिने लागले.

आरोही वाचली. तिघंही आता आमच्या धान ठेवायच्या खोलीत राहतात. एका घर क्रमांकावर दोन कुटुंबं कशी, असं मॅडमने विचारलं. पोरगी कशी आहे, हे नाही विचारलं.

या सगळ्याचं कारण मला आजही सांगता येत नाही. आरोहीचं नाव चढवल्यापासून काटा शून्यावर होता, म्हणून मी विषय सोडून दिला होता. गेल्या सोमवारी झोळी टांगली, शून्य केलं, हात काढला.

सहा किलो चारशे.

हे लेकरू कोणाचं, मला माहीत नाही. "आधी नंबर आण" म्हणून मी कितीजणींना परत पाठवलं, ते आठवत बसले आहे. एकीचंही नाव लिहिलेलं नाही.