अनुमोदक कोण?

घरात माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मांजरसुद्धा उठून परसात जातं. अशी मी, सरपंच झाल्यावर पहिली दोन वर्षं ग्रामसभेत एक अक्षर बोलले नाही, हे सांगितलं तर वाळव्याकडच्या माझ्या माहेरच्यांना खोटं वाटेल. सासर कोरेगाव तालुक्यातलं. सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं तेव्हा गावाला खरं तर आमच्या ह्यांना निवडायचं होतं. नाव तेवढं माझं लागलं. हे फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, आवाज खणखणीत. सभेत मी खुर्चीवर बसून पदर सावरायचे आणि बोलायचे ते. मलाही ते सोयीचंच होतं.

ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. आमच्याकडे ती सभा म्हणजे शिपाई वही काखोटीला मारून दारोदार फिरायचा आणि बायका कणकेचे हात पदराला पुसून सही ठोकायच्या. कशावर, ते कुणी विचारत नसे. मीही कधी विचारलं नव्हतं.

माझे धाकटे दीर कराडजवळ हायवेवर अपघातात गेले, तेव्हा जावेची लेक शाळेत होती. त्या दिवशी अंगणात एका चुलत सासूबाईंनी बांगड्या फोडायला दगड उचलला. जाऊ हात मागे ओढत होती. "धरा गं हिला कुनीतरी," त्या म्हणाल्या आणि मी धरलं. दोन्ही हातांनी तिचं मनगट घट्ट धरलं. एक काच त्या मनगटात घुसली, तिची खूण अजून आहे. त्यानंतर आम्ही दोघींनी एका घरात दिवस काढले, एका रानात भांगलण केली, एकमेकींच्या दुखण्यात रात्री जागलो. पण त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही.

पुढे ती पोर नर्सिंग शिकली, साताऱ्यात नोकरीला लागली आणि तिचं लग्न ठरलं. एकदा मागच्या दारातून माझ्या कानावर आलं, जाऊ शेजारणीला सांगत होती, "हळद तुमीच लावा पोरीला. मी आपली आत बसंन." पोटच्या पोरीला हळद लावायला शेजारीण! मला राग आला. आणि राग आला की मी विचार करत नाही, हा माझा जुना आजार.

मी तडक ग्रामसेवकांकडे गेले. नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही आणि शुभकार्यात तिला मागे बसवायचं नाही, असा ठराव लिहायला सांगितला. "सूचक कोण घालू?" त्यांनी विचारलं. ठराव मांडणाऱ्याचं नाव लागतं. मी जावेचं नाव सांगितलं. घरी येऊन वही तिच्यापुढे धरली. ती भाकरी थापत होती. "सही कर गं," म्हटलं. नेहमीसारखी तिने केली. बाकीच्या बायकांच्याही सह्या झाल्या. मला वाटलं, केवढे उपकार केले मी तिच्यावर.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर सभेत ठराव वाचला गेला. भावकीतलेच एक वडीलधारे उठले. "ठराव झ्याक हाय," ते म्हणाले, "पर सुचवनारी तर हितंच बसलीया. व्हय गं, तू म्हनलीस ह्ये? पुन्यांदा कुकू लावायचं मनात हाय व्हय?"

चारदोन जण हसले. जाऊ उभी राहिली. तिचा चेहरा बघून मला कळलं की आपलं नाव कशावर आहे हे तिला आत्ता समजतंय.

"न्हाई. मी न्हाई म्हनलं," ती म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून बाहेर गेली.

सह्या केलेल्या बायका जमिनीकडे बघत राहिल्या. 'तिने नाही, मी म्हटलं,' एवढंच मला बोलायचं होतं. तोंडाला कुलूप बसलं ते बसलंच. शेवटी हेच उठले आणि "पुढचा विषय घ्या" म्हणाले. मी खुर्चीत बसून राहिले. तिचा हात मी दुसऱ्यांदा धरून ठेवला होता, एवढं मात्र मला तिथं कळलं.

त्यानंतर जाऊ मला ताट वाढायची, पण 'आक्का' म्हणायची नाही. घरात आवाज भांड्यांचा तेवढा.

मला वाट दाखवली ती बौद्धवस्तीतल्या ताईंनी. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, ग्रामपंचायतीच्या सदस्य. सभेत त्या न अडखळता बोलायच्या आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. त्यांनी मला रस्त्यात गाठून सरळच सुनावलं, "सरपंचबाई, तुमी जावंच्या तोंडानं बोलाया गेलात. सवताच्या तोंडाला काय झालंय?"

"मला न्हाई जमत वो सभंत."

"मग शिका की. आमच्यात जयंतीला चार वर्साचं पोर माइकवर हुबं ऱ्हातं. तुमी तर सरपंच हाय."

मग आम्ही दारोदारच्या सह्या बंद केल्या. वही विहारात ठेवायची. जिला सही करायची तिने तिथं यायचं, उभं राहून स्वतःचं नाव सांगायचं, एक वाक्य बोलायचं, मगच पेन हातात घ्यायचं. ही सगळी युक्ती ताईंची. इतकी वर्षं ह्या गावात नांदून विहाराच्या पायऱ्या मी त्या दिवशी पहिल्यांदा चढले. मला लाज वाटली. ताईंनी चहा पुढे केला आणि त्यावरून एका शब्दानेही मला टोचलं नाही. त्यांचं हे मोठेपण मी जन्मभर विसरणार नाही.

पहिल्या दिवशी सात बायका आल्या. एकीने नाव सांगितलं आणि हसू आवरेना म्हणून खालीच बसली. 'अमक्याची आई' हेच नाव इतकी वर्षं चाललेलं, खरं नाव तिच्याच कानाला परकं झालेलं. एक म्हणाली, "नळाला पानी सकाळचं सोडा." मग माझी पाळी आली. नाव सांगितलं आणि तोंडातून निघालं, "मला लय भ्या वाटतं."

"झालं की एक वाक्य!" ताई म्हणाल्या आणि टाळ्या वाजल्या. आजवर हार-तुरे पुष्कळ मिळाले, पण त्या टाळ्यांची सर कशालाच नाही.

पुढच्या ग्रामसभेपर्यंत सातच्या तीस-बत्तीस झाल्या. जाऊ मात्र एकदाही विहारात आली नाही. सभेच्या दिवशी बायका नेहमीसारख्या कडेच्या ओट्यावर न बसता पुढे सतरंजीवर येऊन बसल्या. जाऊ लांब दाराशी होती. आमचा ठराव पुन्हा निघाला तसे हे सवयीने उठायला लागले. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. फौजी माणूस, हुकूम ओळखला आणि बसले.

"ह्या ठरावाची सूचक मी," मी म्हणाले. "माझ्या जावंचं मनगट त्या दिशी मी धरलंवतं. दगड दुसरीनं मारला, पर ती हात वढत हुती आन मी सोडला न्हाई. मागच्या सभंत तिला न इचारता तिचं नाव घातलं, आन ती एकटी पडली तवा मी गप बसले. दोनी चुका माझ्या. तिच्या पोरीला हळद तिनं लावावी, असं मला वाटतं. ज्याला वाटत न्हाई, त्यानं उठून माझ्याशी बोलावं. तिच्याशी न्हाई."

कुणी उठलं नाही. ग्रामसेवकांनी लिहिता लिहिता, मान वर न करता विचारलं, "अनुमोदक कोण?"

ताई उठणार होत्या, तसं आमचं ठरलं होतं. पण त्याआधी दारातून आवाज आला, "मी." जाऊ उभी होती. तिने आपलं नाव सांगितलं, आख्खं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

ठराव मंजूर झाला. सगळं गाव बदललं असं नाही. भावकीतली दोन घरं लग्नाला आली नाहीत. पण पोरीला हळद लागली ती आईच्याच हाताने.

तरी मला जास्त आठवतो तो हळदीच्या आदला दिवस. कासारीण बांगड्या भरायला आली होती. नवरीचा चुडा भरून झाला, आम्हा बायकांचं झालं, आणि जाऊ येऊन पुढे बसली. कासारीण थबकली. जावेने हात पुढे केला, पण कासारणीकडे नाही, माझ्याकडे.

"तुमी भरा, आक्का."

कितीतरी महिन्यांनी ती मला आक्का म्हणाली. मी तेच मनगट हातात घेतलं. बांगडी फुटू नये म्हणून इतकं घट्ट धरलं की माझीच बोटं पांढरी पडली.

"आवं, जरा हळू," ती म्हणाली, "तवाबी असाच आवळलावता."

आणि हसली. माझे डोळे भरून आले होते, नीट दिसत नव्हतं. मी पकड सैल केली आणि एकेक हिरवी बांगडी त्या खुणेवरून हलकेच पुढे सरकवली. एकही फुटली नाही.