अण्णा अंगठ्यानं लिहायचा

माझा थोरला भाऊ कटिंग मास्टर होता. चिकपेटेतल्या एका गल्लीत आमचं शिंप्याचं दुकान, आजोबांच्या वेळेपासूनचं. घरात आम्ही मराठी बोलायचो, दुकानात कन्नड, आणि अण्णा दोन्ही एकाच वाक्यात बोलायचा. "स्वल्प सरळ उभे राहा हं सर," असं गिऱ्हाइकाला सांगत तो गळ्यातली टेप ओढायचा, मापं घ्यायचा, आणि मग कापडावर खडूची एकच रेघ मारायचा. ती पुसून दुसरी मारलेली मी कधी पाहिली नव्हती.

त्याच्या हातातून कात्री पहिल्यांदा पडली तेव्हा त्याला चाळीसही झाली नव्हती. आधी वाटलं, दसऱ्याच्या आधीची कामाची दगदग. मग सुईत दोरा ओवता येईना. मग स्वतःच्याच शर्टाची बटणं लावता येईनात. मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या, आणि तिथल्या डॉक्टरांनी आजाराचं एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. अर्थ विचारल्यावर तोही सांगितला. हात जातील, बोलणं जाईल, गिळणं जाईल, पाय जातील, शेवटी श्वास. औषध नाही. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील.

आई तेवढंच धरून बसली. बाहेरच्या बाकावर बसून ती म्हणाली, "डोकं शाबूत राहणार म्हणतात ना? मग देव आहे."

अण्णानं माझ्याकडे बघितलं. तेव्हा त्याला बोलता येत होतं, जीभ नुकती जड व्हायला लागली होती. हळूच म्हणाला, "तेच सगळ्यात वाईट आहे, हे तिला सांगू नको."

वर्ष-दीड वर्षात त्याचे दोन्ही हात मांडीवर ठेवले की तसेच पडून राहायला लागले. नंतर शब्द गेले. सुरुवातीला वहिनीला तरी ते कळायचे, मग तिलाही कळेनात. पुढच्या खोलीत, खिडकीखाली त्याची खाट होती. तो घशातून एक आवाज काढायचा, आणि आई आणि वहिनी स्वयंपाकघरातून धावत यायच्या. मग सुरू व्हायचं. पाणी? पंखा? लघवीला? कूस बदलू? नको असेल तर तो डोळे मिटायचा. एका दुपारी तो सारखा आवाज काढत होता आणि सारखे डोळे मिटत होता. दोघींनी सगळं विचारून झालं. शेवटी आईला वाटलं, त्याला नुसतं कुणीतरी जवळ हवंय, म्हणून ती त्याच्या कपाळावरून हात फिरवत बसली. संध्याकाळी मी कामावरून आले आणि अंग पुसायला त्याचा सदरा काढला, तर मानेवर आणि पाठीवर लाल मुंग्या होत्या. सगळी पाठ फुगली होती. वहिनी तिथेच खाली बसली. अण्णा कुणाकडेच बघत नव्हता.

मी तेव्हा जे. पी. नगरात नोकरी करत होते. एका घराच्या वरच्या मजल्यावर आमची दहा-बारा जणांची कंपनी होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही परदेशातल्या एका गिऱ्हाइकासाठी प्रोग्रॅम बनवत होतो. चष्म्याच्या घरापेक्षा थोडे मोठे, तळहातावर मावणारे काँप्युटर तेव्हा आले होते. त्यांच्यावर एका बारीक काडीनं टिचकी मारायची, लिहायचं. आमचा प्रोग्रॅम टेबलावरच्या मोठ्या काँप्युटरवर चालायचा, दोघांमध्ये एक वायर असायची. मग त्या छोट्याचा पडदा मोठ्याच्या पडद्यावर दिसायचा आणि इथे माउस हलवला की तिथे काडी टेकवल्यासारखं व्हायचं. माझं काम ते दिवसभर करून बघायचं आणि कुठे अडतं ते लिहून ठेवायचं.

मुंग्यांच्या त्या दिवसानंतर मी साहेबांकडे गेले. कपाटात एक जुना, काळ्या-करड्या पडद्याचा छोटा काँप्युटर पडून होता. नवीन आल्यापासून त्याला कुणी विचारत नव्हतं.

"घरी नेऊ का?" मी विचारलं, आणि कशासाठी ते सांगितलं.

साहेबांनी तो कपाटातून काढला. मग म्हणाले, "त्याचं बिजागर मोडलंय, गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही. घेऊन जा. कोपऱ्यातला तो जुना डेस्कटॉपसुद्धा ने."

अण्णाचा उजवा पाय अजून हलत होता. पाय म्हणजे खरं तर अंगठा आणि टाच. एस. पी. रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्याकडून मी माउस उलटा करून घेतला, गोळी वर येईल असा. बटणाच्या वायरी बाहेर काढून त्याने त्या दारावरच्या बेलच्या बटणाला जोडल्या. ते बटण टाचेखाली, गोळी अंगठ्याखाली. मोठा काँप्युटर खाटेच्या पायथ्याशी, आणि त्याची वायर खिडकीवरून, भिंतीच्या कडेनं थेट स्वयंपाकघरात. छोटा काँप्युटर ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी. अण्णा इथून त्याच्यात आवाजही वाजवू शकायचा, हाक मारायला.

वहिनीला ते पटलं नव्हतं. "वन्सं, ह्यांना आता परीक्षेला बसवायचं काय?"

आठवडाभर अण्णाच्या अंगठ्याखाली गोळी नुसती घसरत राहिली. मी समोर बसून राहायचे. तो घामानं भिजायचा, पण थांबू द्यायचा नाही. मग एका रविवारी स्वयंपाकघरातून टिंग असा आवाज आला आणि पाठोपाठ आई ओरडली, "अय्यो, हे आपोआप चाललंय!"

मी धावले. ओट्यावरच्या पडद्यावर एक वाकडी रेघ थांबत थांबत पुढे सरकत होती. काना झाला, मग वेलांटी. वहिनी हातातली पळी तशीच धरून वाचत होती. "मी... मी काय?" पुढचं अक्षर व्हायला इतका वेळ लागला की चुलीवरची अंबील उतू गेली. शेवटी ते उमटलं. ठ.

"मीठ!" वहिनी म्हणाली.

कुणाच्या तरी सांगण्यावरून आईनं कित्येक महिने त्याची अंबील अळणी ठेवली होती. वहिनी पदर तोंडाला लावून हसत सुटली आणि हसता हसता रडायला लागली. पुढच्या खोलीत अण्णाच्या चेहऱ्यावर काही हलत नव्हतं, कारण चेहऱ्याचे स्नायूही गेले होते. पण डोळे मी पाहिले.

नंतरचे काही महिने घरात माणूस बोलत होता. पंखा. कूस. सारात चिंच जास्त. शेजारचा रेडिओ बंद करायला सांगा. अक्षरं मोडकी असायची, आणि करंट गेला की सगळं बंद पडायचं, पण तो बोलत होता.

ते सगळं चांगलंच होतं असं मात्र नाही. एकदा दुकानातला कारागीर एक अवघड काम घेऊन आला, पाठीला पोक असलेल्या एका गृहस्थाचा कोट. असल्या कोटाचा खांदा अण्णाच कापायचा. "अण्णा, रेघ तेवढी दाखवा," कारागीर म्हणाला. अण्णानं खांद्याची रेघ काढायला घेतली. ती भलतीकडेच गेली. त्यानं ती पुसली. पुन्हा काढली, पुन्हा पुसली. कारागीर खाली मान घालून उभा होता. बराच वेळ गेल्यावर पडद्यावर आकृतीऐवजी अक्षरं आली, "दुकान देऊन टाका." महिन्याभरात वहिनीनं दुकान देऊन टाकलं.

पावसाळ्यात त्याला खोकला झाला, आणि छातीतला कफ बाहेर टाकायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. आमच्या डॉक्टरीणबाई घरी येऊन तपासून गेल्या. जाताना अंगणात आईला आणि वहिनीला कन्नडमध्ये म्हणाल्या की आता फार दिवस असं चालणार नाही. गळ्याला भोक पाडून नळी बसवायची, श्वासाचं मशीन लावायचं, म्हणजे जीव राहील. पण मग इस्पितळातच राहावं लागेल, कायमचं.

"लावा," आई म्हणाली. क्षणाचाही विचार न करता.

खिडकी उघडी होती. त्यानं ऐकलं.

पुढच्या रविवारी मी कंपनीतलं जादा काम उरकून घरी आले तेव्हा घरात कुणी बोलत नव्हतं. ओट्यावर छोटा काँप्युटर दिसला नाही. वायर मात्र ओट्यावरून खाली, तांदळाच्या डब्यात गेली होती. झाकण अर्धवट होतं. डब्यातून आवाज येत होता, टिंग. थोडा वेळ शांत. पुन्हा टिंग.

"वहिनी, तो हाक मारतोय."

"मारू दे." ती कोथिंबीर निवडत होती.

"कधीपासून?"

"वन्सं, त्या डब्याला हात लावू नका."

मी झाकण काढलं. टॉवेलात गुंडाळलेला काँप्युटर बाहेर काढला. पडद्यावर सगळीकडे एकच शब्द होता, एकावर एक, जागा संपेपर्यंत. नको. नको. नको.

वहिनीनं तो माझ्या हातातून घेतला आणि पाहिला. मग कोथिंबीर तशीच टाकून पुढच्या खोलीत गेली आणि खाटेपाशी उभी राहिली. मी दारात.

"तुम्हाला नको," ती म्हणाली. "कळलं. मला काय हवं ते विचारलंत कधी?"

अण्णाचा अंगठा हलला. त्यानं आधी सगळं पुसलं, मग लिहायला लागला. ती त्याच्याकडे न बघता मोठ्या पडद्याकडे बघत उभी होती. त्यावर उमटलं, "तुला काय हवं?"

"तुम्ही."

मग दोनच अक्षरं. "असा?"

"असेसुद्धा," वहिनी म्हणाली.

शेवटचं लिहायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. टाच घसरत होती. मी जाऊन ती सरळ केली. पडद्यावर आलं, "मला नाही."

वहिनीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, लाळ गळत होती. मग ती आत जाऊन आईला म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना मी उद्या सांगते. नळी लावायची नाही."

आई जे बोलली ते तिनं नंतर कधी मागे घेतलं नाही. वहिनीला म्हणाली, "नवरा आहे तुझा, म्हणून तुला कंटाळा येतो. मुलगा असता तर कळलं असतं." आणि माझ्याकडे वळली. "हे तू आणलंस घरात. तो गप्प होता तोवर मी त्याला जगवत होते. तुझ्या यंत्रानं त्याला मरायला शिकवलं."

तेव्हाही मला वाटत होतं आणि आजही वाटतं, की ज्याचा गळा त्याला विचारायलाच हवं. पण आईसमोर हे कसं म्हणायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

तो गेला त्या दुपारी करंट नव्हता. आम्ही तिघी जवळ होतो. वहिनीनं त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला होता, पण तो पाय ओढायला लागला म्हणून तिनं टाच बटणावर आणि अंगठा गोळीवर ठेवून पाय तसाच धरला. त्याला श्वास मिळत नव्हता. शांत मरण आलं असं लोक म्हणतात, तसं ते नव्हतं. छाती खळगा पडेपर्यंत आत जायची, डोळे विस्फारलेले. आणि अंगठा चालू होता. गोळी गरगर फिरत होती, टाच बटण दाबत होती, सोडत होती, पुन्हा दाबत होती. समोरचा पडदा काळा. मी मीटरच्या डब्याकडे धावले, शेजारी विचारलं, सगळ्या गल्लीत करंट नव्हता. परत आले तेव्हा आई त्याच्या तोंडाशी कान लावून विचारत होती, "काय रे? काय हवं? डॉक्टरला बोलावू? बोलावू का?" डोळे मिटून तो नाही म्हणू शकला असता. त्यानं ते मिटले नाहीत. उघडेच राहिले. मग अंगठा थांबला.

दिवस-कार्य झाल्यावर मी ओट्यावरचा काँप्युटर उघडला. आतले सेल संपले होते. त्या जातीच्या यंत्रांचं असंच असायचं, सेल संपले की पोटातलं सगळं पुसून जायचं. नवे सेल घातल्यावर तो पहिल्या दिवसासारखा कोरा उघडला आणि तारीख-वेळ विचारायला लागला. मी तो आणि डेस्कटॉप साहेबांना परत दिले. वर्षभरात मी ती नोकरी सोडली.

आई आणि वहिनी आता के. आर. पुरमला दोन खोल्यांत राहतात. वहिनी घरीच ब्लाउज शिवते. दोघी एकमेकींना सोडून जाणार नाहीत हे त्यांनाही माहीत आहे. पण आई दर काही महिन्यांनी तो विषय काढतेच. "शेवटी तो हो म्हणत होता," ती म्हणते. "मशीन लावा म्हणत होता. माझं मला कळतं." वहिनी शिलाई न थांबवता म्हणते, "नाही आई. नकोच म्हणत होते. पाय माझ्या हातात होता."

एकदा बसस्टॉपपर्यंत ती मला सोडायला आली तेव्हा मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला खरंच कळलं होतं?"

"नाही," ती म्हणाली. "काही कळलं नाही. नुसता धडपडत होता पाय. पण आई एवढ्या खात्रीनं बोलतात, मग ह्यांनी आधी लिहिलं होतं त्याच्या बाजूनंही कुणीतरी खात्रीनं बोलायला पाहिजे की नाही?"

बस आली. तिनं माझ्या हातात टिफिनची पिशवी दिली आणि ती परत गेली, आईची गोळ्यांची वेळ झाली होती.