आत्यानं चारचौघांत काढलेली वाकडी रेघ

यमुनाआत्या गेल्याचं मला रोह्यात कळलं, आणि कळवलं कुणी, तर डॉक्टर सबनीसांनी. घरच्यांनी पेणहून आमच्या कंपनीच्या गेटवर फोन केला होता, पण गेटवरचा माणूस निरोप डोक्यात ठेवून चहाला गेला आणि चहाबरोबर निरोपही पिऊन आला. पहिली शिफ्ट सुटली, मी माझ्या भाड्याच्या खोलीवर चाललो होतो, तर बाजूला स्कूटर थांबली. सबनीस सकाळी पेणला कामाला गेले होते, तिथं त्यांना कळलं होतं. त्यांनी हेल्मेट काढलं, आधी केस सारखे केले आणि मग नाकातून म्हणाले, "आपण एका अत्यंत सहकार्यशील रुग्णाला मुकलो." मला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. माझी आत्या आणि सहकार्यशील... पेणच्या कुठल्याही आळीत हे वाक्य म्हणून बघा, लोक तुम्हाला सावलीत बसवून पाणी देतील.

आता महिना उलटलाय. आमच्या घरात दुसरा लिहिणारा कुणी नाय, म्हणून तिच्याबद्दल लिहायचं माझ्यावर आलं. मी नकला करतो. शाळेत हेडमास्तरांपासून सुरुवात केली, आता गणेशोत्सवात मंडळं बोलावतात. त्यामुळं लिहिताना माणसं आवाजासकट कानात येतात. सबनीस तर फारच येतात.

आत्या पेणला नाना कारखानदारांकडं आखणी करायची. म्हणजे गणपतीचे डोळे काढायची. आधी तो पाट, म्हणजे आखणीवाल्याची बसायची जागा, तिच्या नवऱ्याचा होता. तो गेल्यावर, बाईमाणूस डोळे काढणार काय, असं नाना विचारायच्या आत तिनं दोन मूर्तींचे डोळे काढून त्यांच्यापुढं ठेवले. नाना गप झाले ते कायमचे. तिची पद्धत अशी: डाव्या मुठीवर उजवं मनगट टेकवायचं, श्वास आत ओढून धरायचा आणि ब्रशनं एका दमात रेघ फिरवायची. तेवढा वेळ कारखान्यात कुणी बोलायचं नाय, खोकायचं नाय. कुणी खोकलाच तर आत्या रेघ पुरी करायची आणि मग त्याच्या घराण्याकडं वळायची. दुसऱ्यांनी काढलेले डोळे तिला बघवायचे नाहीत. एका मूर्तीकडं बघून म्हणाली होती, ह्याची एसटी चुकलीय. दुसरीला म्हणाली, ह्याला उसने परत द्यायचेत. ती भयंकर गर्विष्ठ होती, हे मी तिच्या फोटोसमोर बसूनसुद्धा लिहीन. आपली वाकडी रेघ तिनं कधी कुणाला दिसू दिली नाय. चुकलीच तर पदरानं पुसून टाकायची आणि तो रंगलेला पदर दोन दिवस कमरेला खोचून ठेवायची.

अशा बाईच्या हाताला कंप सुटला. आधी बशीत चहा सांडायला लागला, तेव्हा तिनं बशीला शिव्या दिल्या. मग चालताना पाय घासायला लागले, तेव्हा नगरपालिकेच्या रस्त्याला. शेवटी मी तिला मुंबईला दाखवून आणली. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, गोळ्या कायम घ्यायच्या. गोळ्यांनी फरक पडला, बटणं लागायला लागली, चाल सुधारली. पण तोवर नानांनी पाटावर दुसरा माणूस बसवला होता. नाना वाईट नव्हते, त्यांना मूर्ती वेळेवर द्यायच्या होत्या. आत्या त्यांना काही बोलली नाय. ती काही बोलली नाय, ह्यालाच आम्ही घाबरलो.

त्याच सुमाराला रोह्यात संशोधनाचे वर्ग निघाले. मुंबईच्या एका शेठच्या आईला कंपवात होता. ती गेल्यावर त्यांनी पैसा दिला: वैद्य, होमिओपॅथीवाले, योगवाले अशा लोकांनी मेंदूच्या आणि नसांच्या आजारांवर आपल्या उपचारांचा खरंच उपयोग होतो का, हे तपासायला शिकावं. शेठचा हेतू चांगला होता. वाटेत सबनीस लागले, त्याला शेठ काय करणार. सबनीस ह्या वर्गांचे संचालक. शिकायला आलेली मुलं गळ्यात बिल्ले लावून हिंडायची, आणि सबनीस त्यांना शिकवायचे की संशोधन म्हणजे एक दृष्टी. ही दृष्टी ते सोमवारी सांगायचे, तीच बुधवारी सांगायचे, आणि दुपारी बटाटेवडा आला की दृष्टी वड्याकडं. त्यांना तपासायला रुग्ण हवे होते, फुकट उपचार होते, आणि आत्याला पाट परत हवा होता. मी तिला एसटीनं घेऊन गेलो. अख्ख्या वाटेत ती बोलली ते एकदाच, नागोठण्याला कारखान्याच्या धुराड्यावरची ज्योत बघून: "हे बघ, ह्यांचापण हात हलतोय."

पहिल्या दिवशी तिला कागद दिला, बॉलपेन दिलं आणि सांगितलं, मधून बाहेर चकली काढा. म्हणजे हात किती हलतो ते कळतं. बिल्लेवाली दोन पोरं तिला वय विचारत होती, गाव विचारत होती, झोप लागते का विचारत होती, आणि ती उत्तरं देत देत काढत होती. चकली अशी आली की तळताना फुटली असावी. मग तीन महिने नाकात तेल, डोक्याला तेल, पाठीला तेल. एसटीत तिच्या शेजारी कुणी बसेना. तीन महिन्यांनी परत कागद आला. ह्या वेळी आत्यानं पिशवीतून आपला ब्रश काढला, म्हणाली, हे पेन माझ्या हाताला बसत नाय, शाई द्या. दिली. मूठ टेकवली, श्वास धरला. सगळा हॉल आपोआप गप झाला, कारण तिच्याकडं बघितलं की माणूस गप होतोच. आणि एका दमात अशी चकली निघाली की तराजूत घालून विकावी.

सबनीसांनी टाळ्या वाजवल्या. ती दृष्टीवाली सगळी मंडळी तिथं उभी होती, संशोधन शिकत होती, आणि बाई आयुष्यभर काय काम करते हे एकाच्याही मनात विचारायचं आलं नाय. पहिल्यांदा बॉलपेन होतं आणि आता ब्रश आहे, हेसुद्धा कुणाला खटकलं नाय. माझ्या शाळेतल्या शेवटच्या बाकाला खटकलं असतं. चकली फ्रेम करून भिंतीवर लावली, आधीची फुटकी तिच्या शेजारी. सबनीस हसत हसत म्हणाले, आता गोळ्यांची फारशी गरज वाटत नाही. लिहून नाय दिलं. असली माणसं असलं काही लिहून देत नाहीत.

आणि आत्या, जी कुणाच्या बापावर विश्वास ठेवायची नाय, तिनं ह्याच्यावर ठेवला. कारण तिला हवं होतं तेच तो बोलला होता. तिनं गोळ्या सोडल्या. नानांना सांगितलं, आणि नानांनीही रोह्याला येऊन भिंत बघितली आणि म्हणाले, येत्या हंगामाला पाट तुझा.

एका संध्याकाळी ती घरी सराव करत बसली होती. ब्रश, शाई, जुनी वर्तमानपत्रं. मी मागं उभा राहून सबनीसांची नक्कल चालू केली. नाक दाबलं, केस सारखे केले, "संशोधन म्हणजे, यमुनाबाई, एक दृष्टी... आणि हा वडा गरम आहे का?" आत्याला हसू फुटलं. धरलेला श्वास सुटला आणि रेघ गडगडत कागदाबाहेर गेली. मी हसतच होतो. ती नव्हती. तिनं नवीन कागद घेतला.

"परत कर," म्हणाली.

मी परत केली. ह्या वेळी ती हसली नाय, नुसती माझ्याशी बोलत राहिली, आणि बोलता बोलता रेघ काढली. तशीच आली. तिनं ब्रश धुतला, खूप वेळ धुतला. मग म्हणाली, "दिल्या, कुणाला बोलायचं नाय." मी बोललो नाय. पाट तिचा होता, मी कोण बोलणारा.

ती गप राहिलीही असती, पण गडब गावचा धर्माकाका मध्ये आला. धर्माकाका मिठागरावर काम करायचा, त्यालाही कंपवात, तोही वर्गाला यायचा. भिंतीवरची चकली बघून त्यानंही गोळ्या बंद केल्या होत्या, नुसत्या तेलावर होता. एक दिवस मिठागराच्या बांधावर त्याचे पाय जागच्या जागी थिजले. भरती येत होती आणि त्याला पुढं पाऊल टाकता येईना. पोरांनी उचलून आणला म्हणून वाचला. आत्या त्याला बघायला गडबला गेली. तो पडल्या पडल्या म्हणाला, "यमुना, तुला गुण आला, मला कसा नाय आला गो?" परत येताना एसटीत तिनं पिशवीतून गोळ्यांची जुनी पट्टी काढली आणि पाण्याशिवाय एक गिळली. दुसऱ्या दिवशी मला पाठवून धर्माकाकाच्या गोळ्याही चालू करायला लावल्या. पण भिंत तशीच होती, आणि तिथं रोज नवीन रुग्ण येऊन बघत होते.

मग शेठ आले. पुढच्या वर्षी पैसे द्यायचे का, हे त्यांना ठरवायचं होतं. सबनीसांनी हॉलला फुगे लावले होते. कंपवाताच्या कार्यक्रमाला फुगे! आत्याला मधल्या टेबलाशी बसवलं, शाईची वाटी ठेवली, ब्रश ठेवला. नाना पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. सबनीस माईकवर म्हणाले, आता शांतता, पूर्ण शांतता.

आत्यानं ब्रश बाजूला सारला. शेजारच्या पोराच्या खिशातलं बॉलपेन काढून घेतलं. मूठ टेकवली नाय. आणि शेठकडं बघत मोठ्यानं बोलायला लागली, पेन कागदावर चालू ठेवून. "शेठ, मी गणपतीचे डोळे काढते. दम धरून रेघ काढायची मला सवय हाय. ह्यांनी मला गप बसवून बघितलं. गप बसवलं तर कुणाचीपण रेघ सरळ येल. मला बोलती ठेवा आणि मग बघा." रेघ भरकटत होती, थांबत होती, कागद फाटला. तिनं तो फाटका कागद उचलून आधी शेठना दाखवला, मग वळून नानांना. नानांना दाखवताना तिचा हात सगळ्यात जास्त हलत होता. "ह्याचं नाव बरं होणं नाय," म्हणाली. "गोळ्या सोडू नका कुणी."

सबनीस म्हणाले, यांना आज जरा थकवा आलाय. शेठनी त्यांच्याकडं बघितलंही नाय. ते उठले, भिंतीवरची चकली स्वतःच्या हातानं उतरवली आणि टेबलावर पालथी ठेवली. त्यांनी आत्याला एवढंच विचारलं, गोळ्या वेळेवर मिळतात ना? नाना बाहेर चपला घालत उभे होते. आत्या त्यांच्या बाजूनं निघून गेली. पाट गेला.

पैसे मात्र सबनीसांना पुढच्या वर्षीही मिळाले, कसे ते त्यांनाच ठाऊक. अशी माणसं पाण्यात टाका, कोरडी वर येतात. आत्याच्या बाराव्याला ते पेणला आले, आणि कुणी सांगितलं नसताना उभे राहून बोलायला लागले. संशोधनातलं योगदान, वगैरे. आमची माणसं जेवण गार होतंय म्हणून बघत होती.

धर्माकाका तेवढ्यात दारातून आत आला, छोटी छोटी पावलं टाकत, भिंतीचा आधार घेत. शेठच्या त्या कार्यक्रमापासून तो दर बाजाराला आत्याकडं यायचा, आणि आत्या त्याला तिच्यासमोर गोळी घ्यायला लावायची. नुसतं घेतली म्हटलेलं चालायचं नाय, तोंड उघडून जीभ दाखवायला लागायची. तो म्हणायचा, मी काय शाळेत जातो काय गो? तरी दाखवायचा.

तो सरळ आतल्या खोलीत गेला, तिच्या रिकाम्या खाटेवर टेकला. खिशातून गोळी काढली, माझ्याकडं हाताच्या खुणेनं पाणी मागितलं. बाहेर सबनीस अजून बोलतच होते. धर्माकाकानं गोळी गिळली, पेला खाली ठेवला, आणि हार घातलेल्या फोटोकडं वळून तोंड उघडलं... चांगलं मोठं, जीभ बाहेर काढून. तसाच थांबला. मला काय करावं कळेना, म्हणून मीच तिच्या आवाजात म्हणालो, "व्हय, गेली. आता मीट तोंड."