मानवतचे पाईपवाले

हात कामात असले आणि तोंड रिकामं असलं की किस्से साचत जातात. आमचे तर फारच साचले. सहा-सात वर्षं आम्ही चौघं दर रविवारी सकाळी मानवतला नसीर मिस्त्रींच्या सुतारकामाच्या दुकानात बसून तंबाखू ओढायचे लाकडी पाईप करायचो. एकही विकला नाही. रस्त्यानं जाणारा थांबून विचारायचा, "तुमी नेमकं करायलाव तरी काय?" याचं धड उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. त्यात गंमत अशी, की चौघांत ओढणारे एकटे वाघमारे सर!

*

सुरुवात शाळेच्या गॅदरिंगमुळे झाली. वाघमारे सर चित्रकला शिकवायचे, मी विज्ञान. नाटकातल्या इन्स्पेक्टरला पाईप हवा होता. सरांनी मिस्त्रींकडून बोरीच्या लाकडाचा तुकडा मागून आणला आणि दोन दिवसांत पाईप कोरला. नाटक साफ पडलं. पाईप मात्र सरांनी घरी नेला, दोन बिड्या सोडवून त्यातली तंबाखू भरली आणि काडी लावली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मला बाजूला घेऊन म्हणाले, "जाधव, नाटकातला न्हाई, खरा झालाय. वढला की धूर येतोय."

रिटायर झाल्यावर सरांनी मिस्त्रींच्या दुकानात खुर्चीच टाकली. मागोमाग मी गेलो. माझा मेहुणा दत्तराव एकदा सहज बघायला आला आणि तोही अडकला. राणीसावरगावहून दोन बस बदलून यायचा, तीन तास लाकूड घासायचा आणि परत जायचा. बहीण मला फोनवर म्हणायची, "दादा, घरी खुरपं उचलत न्हाईत हे."

*

माझा पहिला पाईप कडुलिंबाचा. अंगणात फांदी तोडलेली होती, लाकूड फुकटचं. आमची पद्धत अशी, की पाईप झाला की सरांच्या हातात द्यायचा. सर आधी कोराच तोंडाला लावून फुंकर मारायचे. नळीचं भोक तंबाखूच्या वाटीच्या बरोबर तळाशी निघालं असेल तर हवा सरळ जाते, नाहीतर अडते. मग तंबाखू भरून चार झुरके घ्यायचे आणि निकाल सांगायचे. आम्ही तिघं परीक्षेच्या पोरांसारखे बघत उभे.

सरांनी माझ्या पाईपचे चार झुरके घेतले. तोंड वाकडं न करता घेतले, हे विशेष.

"जाधव, भोक सरळ हाय. पण हा डॉक्टरनं लिहून द्यायचा पाईप झाला."

*

दत्तरावनं एकदा पिशवीतून बाभळीचा काळपट ठोकळा काढला. त्याच्या वडिलांच्या वखराचं खोड. घरी ट्रॅक्टर आल्यापासून ते गोठ्यामागं पडून होतं. इतकं मुरलेलं लाकूड, की मिस्त्रींची कानस त्यावरून नुसती घसरायची. तीन रविवार लागले. पाईप देखणा झाला, सरांनी पहिल्यांदा शाबासकी दिली. दत्तराव हरखून तो आईला दाखवायला घेऊन गेला.

म्हातारीनं पाईप हातात घेतला, अंगठ्यानं चाचपला. लाकूड कुठलं ते तिला सांगावं लागलं नाही.

"तुझ्या बापानं ह्याच्यावर रान वखरलं," ती म्हणाली. "आन तू धूर काढ."

तो पाईप पुढे कुणीच पेटवला नाही.

*

आता मिस्त्रींचा किस्सा. नसीर मिस्त्रींचा जन्म दारं, चौकटी आणि कपाटं करण्यात गेला. लाकूड दिसलं की पॉलिश करायचं, हे त्यांच्या हाताला इतकं बसलेलं, की शिसवीचा एक सुरेख पाईप त्यांनी बाहेरून तर चमकवलाच, वाटीच्या आतूनही दोन हात मारले. आतल्या बाजूला कोरं लाकूडच ठेवायचं असतं, हे त्यांना माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.

सरांनी काडी लावली. एक झुरका घेतला आणि खोकत खोकत बाहेर ओट्यावर गेले. डोळे पुसत परत आले.

"मिस्त्री, कपाट पेटवल्यावानी लागायलंय."

आम्ही पोट धरून हसलो. मिस्त्री सगळ्यांत जास्त हसले.

*

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी सरांचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणून सोडून दिलं. मग परभणीला दाखवलं, मग मोठ्या दवाखान्यात. घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. श्वास पुढे गळ्याला पाडलेल्या छिद्रातून चालणार आणि आवाज कायमचा जाणार. सरांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला म्हणे, "हात चालतील ना?"

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी ते दुकानात आले. आवाज घोगरा, पण होता. आवाज असलेला हा शेवटचा रविवार, हे चौघांनाही माहीत होतं. आम्ही कानसा खाली ठेवून बसलो. मला वाटलं, सर आता काहीतरी बोलतील, जे आपण जन्मभर जपून ठेवू.

सर माझ्या हातातल्या पाईपकडे बघत म्हणाले, "कानस एकाच अंगानं चालवायची, जाधव. कितींदा सांगू?"

घरी जाऊन मी खूप रडलो.

*

ऑपरेशन झालं. सर घरी आले. मिस्त्री त्यांना भेटायला गेले तेव्हा मी सोबत होतो. दारातच हात जोडून ते म्हणाले, "सर, माझ्याकडून गुन्हा झाला. ते पॉलिश मीच मारलं होतं."

सरांनी पाटी मागवली आणि फळ्यावरच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं, "बिडी मी चाळीस वर्षं ओढली. तुमचं पॉलिश एक झुरका."

मिस्त्रींनी वाचलं, मान हलवली. पण पटलं नाही. परत आल्यावर त्यांनी पाईपचं सगळं सामान पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं. रविवारी दुकान बंद. आता पाईपला हात लावला तर बोटं झडतील, म्हणाले. दत्तरावचं येणं थांबलं. मीही कुठल्या तोंडानं आग्रह करणार? जे करून आमचा माणूस असा झाला, तेच पुन्हा करायचं म्हणजे काय?

*

चार महिन्यांनी रविवारी सकाळी सरांचा मिस्त्रींना आणि मला एकच मेसेज आला, "दुकान उघडा." सर गळ्याला मफलर गुंडाळून चालत आले. खुर्चीवर बसले आणि माळ्याकडे बोट दाखवलं. मिस्त्री हलेनात. शेवटी मीच शिडी लावून पोतं खाली काढलं.

सरांनी त्यातून मिस्त्रींचा अर्धवट राहिलेला एक पाईप काढला. वाटी झाली होती, भोक पाडलेलं होतं, नळी बसवलेली होती. सरांनी तो झटकला, सदऱ्याला पुसला.

"सर, नका," मिस्त्री म्हणाले. "अल्लाची शपथ, नका."

सरांनी मफलर सोडला. नळीचं टोक गळ्याच्या छिद्रावर टेकवलं आणि तिथूनच फुंकर मारली. अर्धवट, चोंदलेला आवाज झाला. वाटीवर तळहात धरून त्यांनी पुन्हा एकदा फुंकलं. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले होते.

सरांनी मफलर नीट गुंडाळला, पाटी मांडीवर घेतली, लिहिलं आणि मिस्त्रींपुढे धरली.

"भोक तिरकं गेलंय. दुसरं लाकूड घ्या."