इतिवृत्त न लिहिण्याचा ठराव

हिनर्क ल्यूर्सला मी मूर्ख म्हणते, आणि तो हक्क माझा आहे. हॅम्बर्गच्या गोदीत तो जहाजांचे रिव्हेट ठोकायचा, तिथल्याच भटारखान्यात मी बटाटे सोलायचे. नाझींनी आमच्या कम्युनिस्ट पक्षावर बंदी आणली तेव्हा अर्धे कॉम्रेड तुरुंगात गेले आणि उरलेले एका रात्रीत देशभक्त झाले. राहिलो आम्ही तिघं: हिनर्क, क्रेनवाला ष्ट्यूबन आणि मी, आल्मा. रविवारी दुपारी हिनर्कच्या भाजीच्या वाफ्यावरच्या खोपटात सभा भरायची. कुणी विचारलंच तर सांगायचं, ससे पाळणाऱ्यांचं मंडळ आहे.

तीन टाळकी, पण थाट काय विचारता. ष्ट्यूबन अध्यक्ष, हिनर्क चिटणीस, आणि जनता म्हणजे मी. एकोणिसाव्या वर्षापासून युनियनच्या सभा लिहून काढत आलेला माणूस हिनर्क. इतिवृत्त नाही तर सभा झालीच नाही, असं त्याचं म्हणणं. युद्धनौकांचे कोणते रिव्हेट मुद्दाम सैल ठोकायचे, याचाही सूचक-अनुमोदकासकट ठराव लिहायचा. नावं तेवढी घालत नसे. आम्ही तिघं क, ख आणि ग.

"मेल्या, जाळ ती वही," मी म्हटलं. "पोलिसांचं काम फुकटात करतोयस."

"तशी सूचना मांड," तो म्हणाला. "रीतसर."

मांडली. यापुढे इतिवृत्त लिहायचं नाही. बाजूनं दोन, विरोधात एक. हिनर्क शिस्तीचा, बहुमतापुढे मान तुकवली. आणि लगेच पेन्सिल काढून तो ठराव वहीत लिहिला, कारण न लिहिलेला ठराव लागू कसा होणार? मी कपाळाला हात लावला. सुंभ जळेल, पण या माणसाचा पीळ जळायचा नाही.

बेचाळीसच्या ऑक्टोबरात सैल रिव्हेटांचा बोभाटा झाला आणि झडत्या सुरू झाल्या. वही सशांच्या पिंजऱ्यात गवताखाली सापडली. हिनर्कला नेलं. आता पोलिसांना उरलेले दोघं हवे होते. जिन्यात बूट वाजले की मी दिवा मालवायचे. पाच आठवडे त्याला मारलं. त्याचं एकच पालुपद: क, ख, ग, तिघंही मीच.

खटल्याला त्याची बहीण मेटा होती, तिच्याकडून कळलं. न्यायाधीशानं वही उघडून विचारलं, "तिघंही तूच, तर मग दोन विरुद्ध एक मतं कशी पडली?"

"माझं माझ्याशी पटत नव्हतं, साहेब."

कोर्ट हसलं म्हणे. न्यायाधीशही हसला, आणि मृत्युदंड दिला. जानेवारीत त्याचं डोकं उडवलं.

खटल्याच्या त्या दिवशी मी भटारखान्यात होते. उठून जावं, म्हणावं की साहेब, त्यातली एक मी, असं मनात आलंच नाही. आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण दुपारच्या जेवणाचे बटाटे सोलायचे राहिले होते, आणि मला जगायचं होतं.