इन्स्पेक्टर साळव्यांचं बॉनेट

बुद्धरत्न साळवे रिटायर झाले तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या माणसांनी गावाकडे घरं बांधली, कुणी शेळ्या पाळल्या. साळव्यांनी लाल रंगाची, दोनच सीटची, जमिनीला टेकलेली एक जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली.

चाकणच्या कंपनीत, पेंट शॉपमध्ये, त्यांनी नोकरीभर दुसऱ्यांच्या गाड्यांचा रंग तपासला होता. ट्यूबलाइटांच्या रांगेखालून गाडी सरकत यायची. साळवे मान तिरकी करून पत्र्यावरून नजर फिरवायचे आणि मोहरीएवढा कण दिसला तरी खूण करून गाडी मागे धाडायचे. आता स्वतःची एक गाडी असावी, एवढीच हौस, असं ते सांगत. "खरं म्हणजे म्हातारचळ," असंही सांगत, पण ते कस्तुराबाई घरात नसताना. कारण त्या असल्या की म्हणत, "आत्ता कळलं का?"

त्या गाडीत शिरायचं म्हणजे आधी पाठ आत घालायची, मग डोकं, मग एकेक पाय. उतरताना आधी कुणी बघत नाही ना ते पाहायचं आणि मग दाराला धरून कण्हत वर यायचं. हे सारं जमेपर्यंत साळव्यांनी कमरेला पट्टा लावला. पट्टाही लालच मिळाला, याचं त्यांना बरं वाटलं.

पिंपळे सौदागरच्या त्यांच्या सोसायटीत गाड्या पुसणारा माणूस रोज येई. साळव्यांच्या गाडीजवळून तो हात मागे बांधून जाई. धुलाई स्वतः साळवे करत. एका बादलीत साबण, दुसरीत नुसतं पाणी, आणि कापड असं मऊ की कस्तुराबाई म्हणाल्या, "आपल्या मिनलला लहानपणी एवढ्या मऊ दुपट्यात गुंडाळलं नव्हतं." कबुतराची शिट पडली की साळवे जेवण सोडून खाली धावत. लिफ्टमध्ये हातावरचा वरणभात वाळे. तेव्हा आरशात दिसणाऱ्या माणसाकडे बघून ते स्वतःच मान हलवत.

पेट्रोलची कथा आणखी वेगळी. गाडीला साधं पेट्रोल चालत नसे. झाकण उजवीकडे होतं आणि पंपावरचा माणूस हटकून डावीकडे उभा राही. मग तो नळी मागच्या पत्र्यावरून ओढे आणि साळव्यांच्या छातीत कळ येई. टाकी भरत आली की तोंडाशी फेस येऊन चार थेंब रंगावर ओघळत. त्यावर साळव्यांनी उपाय काढला होता. टाकी कधी भरायचीच नाही! थोडंसंच घालायचं, तेही नळीखाली फडकं धरून, बाळाला दूध पाजताना हनुवटीखाली धरतात तसं. त्यामुळे गाडीचा काटा कायम तळाला आणि साळव्यांचा जीव कायम टांगणीला.

अशात मिनलचं लग्न ठरलं. मुलगा कुरुळीचा, धम्मरत्न. हॉलही तिकडेच घेतला. मिनलनं बापाकडे एकच गोष्ट मागितली.

"पप्पा, हॉलवर मी तुमच्या गाडीतून येणार. दोनच सीट आहेत. म्हणजे मावशी नाही, आत्या नाही, फक्त आपण दोघं. गाडी आल्यापासून तुम्ही माझ्याशी कमी आणि बॉनेटशी जास्त बोलता. तो एक तास मला द्या."

साळव्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. त्यांनी होकार दिला. लग्नाच्या सकाळी फुलवाला प्रितम सेलोटेपचं बंडल घेऊन बॉनेटवर वाकला, तेव्हा मात्र त्यांनी त्याचा हात धरला.

"सेलोटेप नाही."

"काका, मग फुलं काय हवेत राहणार?"

"दोऱ्यानं बांध."

"बॉनेटला दोरा कुठं बांधू? गाडीला नाक आहे का?"

वाद वाढला. वर गॅलरीत पांढऱ्या साडीतली मिनल उभी होती. ती रागावली नाही, वरूनच शांतपणे म्हणाली, "राहू द्या पप्पा. मी मावशीच्या गाडीतून जाते."

हे मात्र सेलोटेपपेक्षा वाईट झालं. साळवे धावत घरात गेले आणि माळ्यावरून मास्किंग टेप घेऊन आले. पेंट शॉपमध्ये हीच वापरायचे. नोकरीत हजारो गाड्यांना ती लावून काढलेली, रंगाला कधी ओरखडा नाही. त्यांनी स्वतःच्या हातांनी फुलं चिकटवली, तीही लेव्हलमध्ये.

दोघं निघाले. मिनल बोलत होती. लहानपणी ते तिला सायकलवरून शाळेत सोडत त्याबद्दल, नव्या घराबद्दल, थोडं भीतीबद्दलही. साळवे "हं, हं" म्हणत होते आणि भोसरी ओलांडताच पेटलेल्या पेट्रोलच्या दिव्याकडे बघत होते. मोशीला अनोळखी पंप गाठावा लागला. मागे टेम्पो आणि कंपनीच्या बसगाड्या हॉर्न वाजवत होत्या. पंपावरच्या माणसानं नेहमीचा प्रश्न केला, "काका, ॲव्हरेज किती देते?"

आतून मिनल म्हणाली, "किती देते ते विचारू नका, दादा. किती वेळ घेते ते विचारा."

साळव्यांनी टाकी फुल करायला सांगितली. थेंब ओघळले. त्यांनी ते पुसले, पण एकदाच. याचंही त्यांना कौतुक वाटलं.

हॉलसमोर गाडी थांबली. ऊन तापलं होतं आणि इंजिनही. तापलेल्या पत्र्यावर टेपचा गोंद राहतो, हे डोक्यात येताच साळवे खाली उतरले आणि आधी बॉनेटकडे गेले. टेप कशी ओढायची ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मागे दुमडून, सावकाश. टेप निघाली. तिच्याबरोबर तळहाताएवढा लाल रंगही निघाला. खाली पोचे भरायची करडी पुट्टी.

मांडवात अर्धे पाहुणे पेंट शॉपचे. क्षणात सगळे बॉनेटभोवती, माना तिरक्या.

"साळवे, हे रिपेंट आहे राव!" लक्ष्मणराव म्हणाले. "ओरिजिनल रंग असा कधी निघेल का?"

"ठोकलेली गाडी आहे. पुट्टी केवढी जाड बघा."

"पास कुणी केली ही?"

"मीच," साळवे म्हणाले. गाडी त्यांनी संध्याकाळी, दलालाच्या रंगीत दिव्यांखाली पाहिली होती. मान तिरकी करायची ते विसरले होते, कारण त्या चकचकीत बॉनेटमध्ये त्यांना स्वतःचा चेहरा दिसला होता आणि तो बराच तरुण वाटला होता. त्यांना आधी हसू आलं. मग ते वाकून नखानं कडा खरवडत लक्ष्मणरावांना थर समजावून सांगू लागले.

"अहो!" दारातून कस्तुराबाई ओरडल्या. "पोरगी गाडीतच आहे!"

साळव्यांनी वर पाहिलं. काचेपलीकडे मिनल बसली होती. त्या खोल सीटवरून, साडीत, हात दिल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं. ती कुणाला हाक मारत नव्हती. बापाकडे बघत होती.

साळव्यांनी टेपचा गोळा लक्ष्मणरावांच्या हातात कोंबला आणि दार उघडलं. तिला दोन्ही हातांनी वर ओढताना त्यांची कंबर कटकन वाजली. ती उभी राहिली. ते बघत राहिले. सकाळपासून त्यांनी तिला नीट पाहिलंच नव्हतं.

"काय तपासताय, पप्पा?"

"काही नाही गं."

"तीन थर आहेत," ती म्हणाली. "खाली प्रायमरसुद्धा लावलाय त्या पार्लरवालीनं. रडवू नका, निघून येईल."

"मग भीतीचं काय म्हणत होतीस?" साळव्यांनी विचारलं. "मोशीच्या आधी."

"ऐकत होतात?"

"अर्धं. उरलेलं आता सांग."

आतून कुणीतरी बुद्धवंदनेची वेळ झाल्याचं सांगत आलं. साळव्यांनी हातानंच त्याला थांबवलं. बॉनेटकडे पाठ करून ते उन्हात उभे राहिले आणि मिनल सांगू लागली.