आमची गणितं कधीच चुकत नसत

सोलापुरातल्या आमच्या शाळेने सरकारचा हुकूम तंतोतंत पाळला होता. अस्पृश्यांच्या मुलांना शाळेत घ्या, असा तो हुकूम होता. घेतलं. वर्गात घ्या, असं त्यात कुठे लिहिलं होतं? म्हणून आम्ही नऊजण ओसरीवर बसत असू. खिडकीतून मास्तरांचा आवाज येई. फळा दिसत नसे, पण सगळंच मागायचं म्हणजे हावरटपणा झाला.

मास्तर तिसरी-चौथीला गणित शिकवीत. दुपारी ते पाट्या तपासायला दारापर्यंत येत. आम्ही पाट्या ओसरीवर मांडून मागे सरकायचं, त्यांनी उंबऱ्यातून मान लांब करून पाहायचं आणि छडीने एकेक पाटी दाखवत म्हणायचं, "बरोबर. बरोबर. बरोबर." आतल्या मुलांच्या कानाला हात लागे, पाटीवर फुल्या पडत. आम्हाला दोन वर्षांत एकही फुली पडली नाही. ओसरीवर एवढी हुशारी कशी गोळा झाली, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं नाही. मी ते माझंच कर्तृत्व समजत होतो.

मला वाढवलं आत्याने. ती मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात होती. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण चौथीची परीक्षा घ्यायला बाहेरचे डिप्टी येतात, पास झालं तर हायस्कूल आणि नापास झालं तर मिल, एवढं तिला पक्कं माहीत होतं. परीक्षेला दोन महिने उरले असताना तिने एकदा भाकरी थापता थापता विचारलं, "एका पेटीत सोळा बॉबिनी. नऊ पेट्या. किती झाल्या?"

मी पाटीवर मांडून सांगितलं, "चौऱ्याण्णव."

"एकशे चव्वेचाळीस. पन्नास कुटं गेल्या?"

"असंच मांडतो मी. मास्तर बरोबर म्हणतात."

"पाटी हातात घेऊन बघत्यात का?"

"उंबऱ्यातनं बघत्यात की."

तव्यावरची भाकरी करपली. तिला ते कळलं होतं, मला कळायला अजून अवकाश होता. चूक दाखवायची तर पाटी हातात घ्यावी लागते. बरोबर म्हणायला काही शिवावं लागत नाही.

मिलच्या सुट्टीच्या दिवशी शाळा चालू असे. त्या दिवशी सकाळी आत्या वस्तीतल्या आठ बायांना घेऊन शाळेच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. वाट अडवली असं कुणाला म्हणता आलं नसतं. बाजूला चांगली हातभर जागा होती. फक्त तिथून जाताना लुगड्याचा पदर लागायची भीती होती. आतले आत राहिले, बाहेरचे बाहेर. आम्हाला लांब ठेवायला केलेला नियम इतका उपयोगी आहे, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

मास्तर दारातून ओरडले, "ए बाई, ऊठ तिथनं! काय पाहिजे तुम्हाला?"

"पोरांच्या पाट्या हातात घेऊन तपासा."

"आणि आम्ही बाटायचं?"

"आमचा मुकादम बॉबिन हातात घिऊन सूत बघतो, मास्तर. लांबनं बरोबर म्हणत न्हाय. त्याच सुताचं धोतर तुमी नेसलाय. ते बाटलं न्हाय व्हय?"

एक बाई तोंडाला पदर लावून हसली. मास्तरांनी धोतराकडे पाहिलं. फेडून टाकायची सोय नव्हती.

दुपारच्या सुट्टीची घंटा झाली आणि आतली मुलं भुकेने रडू लागली. तेव्हा हेडमास्तर पुढे आले. मास्तर पाट्या तपासतील, पण नंतर रोज अंघोळ करतील, असा त्यांनी तोडगा काढला.

"करा की," आत्या म्हणाली. "नळाला पानी येतंय का, तेवढं तुमचं तुमी बघा."

मास्तरांनी चष्मा लावला, माझी पाटी दोन बोटांनी उचलली आणि मग हळूहळू पाच बोटांनी धरली. "गाढवा!" ते म्हणाले. "हातचा कधी मिळवतोस का? दोन वर्षं काय करत होतास?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला, हे विशेष. पाचही गणितांवर फुल्या पडल्या. मी रडलो.

आत्याने ती पाटी वस्तीतल्या घरोघर नेऊन दाखवली. मला पुसूही देईना. "ऱ्हाऊ दे आजचा दिस. कुणीतरी बघितलंय."

मास्तरांनी पंधरा दिवस अंघोळ केली. मग पडसं झालं आणि धर्म थोडा सैल पडला. शिकवायचे मात्र उत्तम, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. आम्ही शेवटपर्यंत ओसरीवरच बसलो, पण फुल्या कमी होत गेल्या. डिप्टींच्या परीक्षेत नऊपैकी सातजण पास झालो.

पुढे बी. ए. झाल्यावर मी पदवीचा कागद आत्याच्या पुढ्यात ठेवला. तिने तो उलटसुलट पाहिला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ह्यांनी तुजे पेपर हातात घिऊन तपासले न्हवं?"

"होय, आत्या."

"मग खरा हाय," ती म्हणाली.